लग्न झालेच पाहिजे

माझी धाकटी बहीण संक्रांतीच्या आधी गेली. आता बाजारात आंबा आला आहे. परवा तिची मुलगी आपल्या दोन लहानग्यांना घेऊन दादरला माझ्याकडे आली. मुलांच्या शाळेला सुट्टी लागली होती. उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती तिच्या पिशवीत होत्या, पण त्यातली एकही तिला पसंत नव्हती.

"मावशी, दर वर्षी आईच ठरवायची गं," ती म्हणाली. "मुलं दोन महिने घरातच तर असायची, आणि जूनमध्ये बघावं तर काहीतरी शिकलेली असायची. ती नक्की करायची काय?"

मी काहीतरी सांगायला सुरुवात केली, पण नीट सांगता आलं नाही. भाचीने विषय बदलला, मुलांना पन्हं दिलं, आणि संध्याकाळी ती निघून गेली. तेव्हापासून रोज सकाळी थोडं थोडं लिहिते आहे. बहिणीने पुढे दोन पिढ्यांच्या मुलांना जे दिलं, ते गिरगावातल्या एका मे महिन्यात सुरू झालं होतं. तेव्हा ती शिकवणारी नव्हती, शिकणारी होती.

आमची चाळ तीन मजली होती आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो. वडिलांना आम्ही अप्पा म्हणत असू. ते कॉटन ग्रीनला एका कापसाच्या पेढीत कारकून होते. आई रत्नागिरीकडची. मी मॅट्रिकच्या अलीकडच्या वर्गात होते आणि बहीण सात वर्षांची. आमच्या मधली भावंडं राहिली नव्हती. त्यामुळे ती मला बहिणीपेक्षा सांभाळायला दिलेली मुलगीच जास्त वाटायची.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. त्या मे महिन्याच्या आधीच्या हिवाळ्यात गिरगावात रोज काही ना काही घडत होतं. मोर्चे निघत, दुकानांच्या फळ्या दुपारीच लागत, कधी संचारबंदी होई. आणि नेमकी त्याच हिवाळ्यात बहीण मुदतीच्या तापाने अंथरुणाला खिळली. दिवाळीनंतर ती आजारी पडली आणि होळीच्या सुमाराला उठून बसली. मी तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसायची आणि खिडकीतून घोषणा ऐकू यायच्या. आवाज जवळ आला की ती डोळे मिटूनच माझा हात घट्ट धरायची. एकदा तापातच तिने विचारलं होतं, "ताई, ते काय झालंच पाहिजे?" मी तिला सांगितलं, की मुंबई आणि महाराष्ट्र एकत्र झाले पाहिजेत. ती म्हणाली, "मग होऊ दे ना." आणि झोपली.

ती वाचली, एवढ्यावरच आम्ही खूश होतो. केस गळायला लागले म्हणून आईने तिच्या डोक्याचा गोटा करून घेतला होता. पाय काड्यांसारखे झाले होते. शाळेचा विचार कोणाच्याही मनात नव्हता. तो आला एप्रिलच्या शेवटी, निकाल लागला तेव्हा. बहिणीने निम्मं वर्ष शाळा पाहिलीच नव्हती, म्हणून तिला पहिलीतच ठेवलं होतं.

गॅलरीच्या टोकाच्या खोलीत तिची मैत्रीण राहायची. दोघी शाळेत एका बाकावर बसत. मैत्रीण दुसरीत गेली होती. ती निकाल सांगायला आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "तू आता आमच्या भावाबरोबर बसणार. तो जूनमध्ये पहिलीत जाणार आहे ना."

तिच्या मनात वाईट काही नव्हतं. तिला ते खरंच मजेचं वाटलं होतं. बहिणीने डोक्याचा रुमाल पुढे ओढला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. त्या दिवशी तिने भात खाल्ला नाही. आजारातून उठलेल्या मुलीने भात टाकला की त्या घरात काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी अप्पा पेढीवर जाण्याआधी मला घेऊन शाळेत गेले. मोठ्या बाई भल्या होत्या, पण नियमाच्या. त्या म्हणाल्या, "शाळा उघडली की घेऊन या. मी स्वतः वाचून घेईन, थोडं गणित विचारीन. आलं तर दुसरीत बसवते. नाही आलं तर पहिली पुन्हा करू द्या, त्यात कमीपणा नाही." घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा बहीण उठून बसली. "आलं तर तिच्याच बाकावर?" एवढंच तिने विचारलं.

एरवी मे महिन्यात आम्ही भाऊच्या धक्क्यावरून बोटीने आईच्या माहेरी जात असू. त्या वर्षी डॉक्टरांनी बोट नको म्हणून सांगितलं होतं. ऊनही नको आणि जिन्यावरून धावणंही नको. म्हणजे पूर्ण सुट्टी घरात. मला बरंच वाटलं. वाचायची, शिकवायची मला हौस होती. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी वेळापत्रक आखलं. वाचन, शुद्धलेखन, पाढे, कविता, चित्रकला. मध्ये लाल पेन्सिलीने विश्रांतीही घातली. भाताच्या खळीने ते कपाटाला चिकटवलं आणि तिला दाखवलं.

तिने ते बराच वेळ पाहिलं. "डॉक्टरच्या चिठ्ठीसारखं आहे," ती म्हणाली. "सकाळी एक, दुपारी एक."

आणि तिने ते औषधासारखंच घेतलं. पुस्तक उघडलं की तिचं पोट दुखायचं. पाटी मांडीवर घेतली की हात दुखायचा. मला ते ढोंग वाटत नव्हतं, कारण डोळ्यांत खरंच पाणी यायचं. अक्षरं तिला ठाऊक होती, पण आजाराआधीची ओळख आता अर्धवट राहिली होती. रस्त्यात भेटलेल्या माणसाचं नाव आठवू नये, तसं तिचं अक्षरांशी होत होतं. ओळखीचं वाटायचं आणि तोंडात यायचं नाही.

आठवडाभरात वेळापत्रकाचा एक कोपरा सुटून वाऱ्यावर फडफडायला लागला. त्याला पुन्हा खळ लावायला कोणी गेलं नाही.

तापात असताना आईने तिला जुन्या लुगड्याच्या काठाची एक बाहुली शिवून दिली होती. काळ्या दोऱ्याचे डोळे, कपाळाला लाल टाका. बहीण ती घेऊन गॅलरीत बसायची. एका सकाळी मैत्रीण आपला बाहुला घेऊन आली. तो सावंतवाडीचा, लाकडी, रंगीत फेट्याचा, आणि एका हाताचा रंग उडालेला.

"लग्न करू या ह्यांचं," ती म्हणाली.

"करू या," बहीण म्हणाली.

"पण रीतसर. आम्ही मुलाकडचे. आम्ही यादी देणार. मी लिहून आणते." मग तिने बहिणीकडे पाहिलं. "तुला वाचता येईल ना गं? नाहीतर ताईकडून वाचून घे."

"माझ्या मुलीची यादी मीच वाचणार," बहीण म्हणाली.

आई आत तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं आणि मला हाक मारली. "तिच्या घरी कार्य निघालंय गो," ती हळू आवाजात म्हणाली. "आता तिला अभ्यासाला बसवू नको. कार्याची कामं लाव."

मला चटकन कळलं नाही. मग आम्ही दोघी तांदूळ निवडता निवडता ठरवत गेलो. कार्यात काय काय लागतं ते आई सांगायची आणि त्यात काय काय शिकवता येईल ते मी शोधायची. आईचं शिक्षण मराठी चौथीपर्यंतचं, पण तिने घरची आणि दारची मिळून पुष्कळ लग्नं निभावली होती. पाहुणे मोजायचे, पंगती लावायच्या, कापड मापायचं, मुहूर्त धरायचा, आमंत्रणं लिहायची. माझ्या वेळापत्रकातलं बहुतेक सगळं त्यात येत होतं. कविता तेवढी राहत होती. आई म्हणाली, "मंगलाष्टकं आहेत की."

दुपारी मुलाकडची यादी आली. मैत्रिणीने ती मोठ्या ऐटीत, जाड अक्षरांत लिहिली होती. बहीण ती घेऊन मोरीशेजारच्या कोपऱ्यात जाऊन बसली, जिथे कोणी मागून डोकावू शकत नव्हतं. मी पुस्तक वाचत असल्यासारखं करून तिच्या ओठांकडे पाहत होते. बोट एका शब्दावर थांबायचं, मागे यायचं, पुन्हा पुढे सरकायचं. फार वेळ गेला. चहाची वेळ झाली तेव्हा ती कागद घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. चेहरा गंभीर.

"ताई, घोडा कुठून आणायचा?"

मी कागद घेतला. नवऱ्याला फेटा, नवऱ्याच्या आईला साडी, करवलीला बांगड्या, आणि शेवटी एकटाच शब्द, घोडा. तिने सगळं वाचलं होतं. मी तिला शाबासकी देणार होते, पण आईने आतून डोळ्यांनी खुणावलं. म्हणून मी फक्त म्हटलं, की घोडा काही आपल्याला झेपणार नाही, तसं कळवून टाक.

तिने पाटीवर चार-पाच वेळा लिहिलं, पुसलं, आणि मग कागदावर उतरवलं. "घोडा नाही. चालत या." आजारानंतर तिने लिहिलेलं हे पहिलं वाक्य. संध्याकाळी अप्पांना दाखवलं तेव्हा ते हसून म्हणाले, की पेढीवरचा पत्रव्यवहार हिच्याकडे दिला तर निम्मी शाई वाचेल.

मैत्रीण मात्र रागावून आली. "नवरदेव चालत येणार? लोक काय म्हणतील?"

"मोर्च्यात सगळे चालतच येतात," बहीण म्हणाली.

त्या दिवसापासून दोघी एकमेकींना विहीणबाई म्हणायला लागल्या. त्यांच्यात रोज यादी जायची आणि यादी यायची. मुलाकडची माणसं दिवसेंदिवस वाढत होती. आईने चिंचोक्यांचा डबा काढून दिला. एक चिंचोका म्हणजे एक पाहुणा. सकाळी मैत्रिणीने माणसं वाढवली की बहीण चिंचोके वाढवायची. कोणी गावाला निघून गेलं की काढून टाकायची. पंगतीत किती बसतील, किती पंगती उठतील, हे ती फरशीवर मांडून पाहायची. बेरीज हा शब्द मी उच्चारलाही नाही.

चाळीतली जी लहान मुलं गावाला गेली नव्हती ती हळूहळू आमच्या खोलीत जमायला लागली. बहीण त्यांना कामं नेमून द्यायची. आचारी निवडताना तिने सगळ्यांचे डोळे बांधले आणि आईच्या मिसळणाच्या डब्यातलं एकेक नाकाशी धरलं. ज्याला हिंग, जिरं आणि मेथी वासावरून ओळखता आली तो आचारी झाला. नवरीचं लुगडं मापायला तिने माझी वीत घेतली आणि कापताना स्वतःची वापरली, तेव्हा लुगडं अपुरं पडलं. ती बराच वेळ दोन्ही हात बघत बसली. मग तिने खराट्याची एक काडी मोडून घेतली आणि जाहीर केलं, की आता सगळ्यांनी ह्याच काडीने मापायचं. मुहूर्तासाठी घड्याळ नव्हतं. चौकात नळाचा एक उंच खांब होता. त्याची सावली दुपारनंतर कशी लांबत जाते ते मुलांनी रोज कोळशाच्या रेघा ओढून पाहिलं. शेवटी ठरलं, की सावली पायरीला टेकली की अक्षता टाकायच्या.

कागदाची मात्र टंचाई होती. चाळीतली कॉलेजात जाणारी मुलं सभांची पत्रकं वाटायची. पातळ गुलाबी कागद, एका बाजूला छापलेला, मागे कोरा. होऊन गेलेल्या सभांची उरलेली पत्रकं ती लहान मुलांना खेळायला देऊन टाकायची. आमची सगळी यादीची पत्रं त्यांच्या मागच्या बाजूवरच लिहिली जात होती. आणि लिहिता लिहिता बहीण पुढची बाजूही वाचायला लागली. तिथली अक्षरं मोठी होती, ओळी तुटक होत्या, आणि वाचल्यावर आपोआप आवाज चढायचा. गॅलरीच्या कठड्याला टेकून ती पत्रकं मोठ्याने वाचायची. समोरच्या भिंतीवर चुन्याने लिहिलेलं वाचायची. शेजारच्या काकू म्हणायच्या, "तुमची धाकटी आता व्याख्यानं द्यायला जाणार वाटतं."

लग्नाचा दिवस जवळ आला तेव्हा तिने आमंत्रणपत्रिका लिहायला घेतली. कोणाला विचारलं नाही. संपल्यावर मला दाखवली. ती जवळजवळ जशीच्या तशी माझ्या लक्षात आहे.

चलो! चलो! चलो!
लग्न
रविवारी संध्याकाळी. चाळीच्या चौकात.
अध्यक्ष : नवरीची आजी
वक्ते : भटजी
सर्व बंधू-भगिनींनी प्रचंड संख्येने उपस्थित राहावे.
लग्न झालेच पाहिजे!

खाली आमच्या चाळीचं नाव आणि तिची सही.

मी पेन्सिल उचलली. मला शुद्धलेखन दुरुस्त करायचं होतं, आणि बाहुलीचं लग्न असा उल्लेखच त्यात कुठे नव्हता. आईने माझ्या हातातून पेन्सिल काढून घेतली. "पहिल्यांदा आपल्या मनाने एवढं लिहिलंय. हात लावू नको."

म्हणून हात लावला नाही. बहिणीने नकला केल्या, ज्यांना लिहिता येत होतं त्यांच्याकडूनही करून घेतल्या, आणि ती सगळी पिल्लं खळीची वाटी घेऊन निघाली. आपल्या जिन्यात एक, फाटकावर एक, शेजारच्या दोन चाळींच्या जिन्यांत, वाण्याच्या फळीवर. तिला स्वतःला जायची परवानगी नव्हती. ती गॅलरीतून कुठे चिकटवायचं ते सांगत होती.

रविवारी चौक झाडून झाला. रांगोळी निघाली. आईने कुरमुऱ्याचे लाडू वळले होते, चिंचोके मोजून, वर थोडे राखून. भटजी म्हणजे मैत्रिणीचा धाकटा भाऊ. तो अप्पांचं उपरणं गुंडाळून पाटावर बसला होता. मंगलाष्टकांतला त्याला फक्त सावधान हा शब्द येत होता, पण तो खणखणीत येत होता.

ऊन कलायला लागलं तशी फाटकातून माणसं यायला लागली. पहिल्यांदा वाटलं, कोणाकडे पाहुणे आले असतील. मग शेजारच्या चाळीतले दोन म्हातारे आले, हातात घडीची स्टुलं. त्यांच्या मागून बायका आल्या, कडेवर मुलं घेऊन. प्रेसमध्ये कामाला असलेले काही तरुण आले आणि जिन्याच्या पायऱ्यांवर बसून राहिले. वाणी दुकान पोराच्या ताब्यात देऊन आला. चौक भरला, मग गॅलऱ्या भरल्या. अप्पा बनियनवर वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून खाली पाहिलं.

"हे काय आहे?" त्यांनी मला विचारलं. "इथे सभा कोणी ठेवली?"

त्याच वेळी पायऱ्यांवरचा एक तरुण आपल्या दोस्तांना समजावून सांगत होता, ते आमच्यापर्यंत ऐकू आलं. "अरे, वग आहे वग. नवरी म्हणजे मुंबई. नवरा म्हणजे महाराष्ट्र. आणि लग्न मोडायला येतो तो मामा, तो दिल्लीचा. मस्त कल्पना आहे रे."

तेव्हा आम्हाला सगळा उलगडा झाला. त्या दिवसांत चळवळीची कलापथकं चौकाचौकांत वग करायची, आणि लग्न झालेच पाहिजे हे वाचल्यावर गिरगावातल्या माणसाच्या मनात दुसरं काही येणंच शक्य नव्हतं. अप्पा आत गेले, कोट चढवला, टोपी घातली आणि नवरीचे आजोबा म्हणून खाली जाऊन उभे राहिले.

मला काळजी होती ती बहिणीची. एवढ्या माणसांच्या मध्ये ती डोक्याला रुमाल बांधून, मांडीवर बाहुली घेऊन बसली होती. स्टूलवाल्यांपैकी एका आजोबांनी खाली वाकून तिला विचारलं, "काय गं, नवरी म्हणजे मुंबई ना?"

"नाही," ती म्हणाली. "नवरी म्हणजे माझी मुलगी."

आजोबांनी बाहुलीकडे पाहिलं, मग तिच्या रुमालाकडे, मग गुलाबी कागदाकडे. त्यांनी मागे वळून बाकीच्यांना सांगितलं. हसण्याची एक लाट गॅलऱ्यांपर्यंत गेली. कोणी उठून गेलं नाही. एक बाई म्हणाल्या, "आलोच आहोत तर अक्षता टाकूनच जाऊ." नवरदेव चालत आला, म्हणजे मैत्रिणीने त्याला रांगोळीच्या कडेने चालवत आणलं. खांबाची सावली पायरीला टेकल्याचं एका पोराने ओरडून सांगितलं. भटजी सावधान म्हणाले, पुन्हा म्हणाले, म्हणतच राहिले. आणि वरून, खालून, तिन्ही मजल्यांवरून कुंकवाच्या अक्षता पडल्या.

अक्षता थांबल्या तेव्हा तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी अर्धी घोषणा दिली आणि सगळ्या चौकाने ती पुरी केली. तो आवाज मी तापाच्या दिवसांत ऐकला होता. मी गर्दीतून वाट काढत बहिणीकडे गेले. तिने माझा हात धरला नाही. तिचे ओठ हलत होते. ती माणसं मोजत होती.

"आई," ती म्हणाली, "लाडू पुरणार नाहीत."

विहीणबाई तयारच होत्या. "आमच्या माणसांना आधी. आणि अख्खा लाडू. तसं ठरलंय."

बहिणीने लाडवांच्या परातीकडे पाहिलं, मग चौकाकडे, मग गॅलऱ्यांकडे. मला वाटलं, आता रडेल. मी अर्धे करू या का असं विचारणार होते. तिने मान हलवली. "अर्धे पण नाही पुरणार. आई, सगळे फोड. परत कुरमुरे कर."

"लग्नात फोडलेला लाडू कोण देतं?" मैत्रीण म्हणाली.

"प्रचंड संख्येने आल्यावर देतात," बहीण म्हणाली.

आईने आणि काकूंनी परातीत लाडू फोडले. शेंगदाणे, खोबरं, गूळ लागलेले कुरमुरे, सगळं मोकळं झालं. मुलांनी मूठ मूठ वाटत नेलं. नाक्यावरचे हवालदार गर्दी पाहून फाटकात येऊन उभे होते. त्यांनी पत्रक वाचलं, ओंजळ पुढे केली आणि खात खात परत गेले. परात रिकामी झाली तेव्हा बहिणीने सगळीकडे नजर फिरवली आणि मग पहिल्यांदा भिंतीला टेकून बसली. दमली होती. अप्पांनी तिला उचलून वर नेलं. त्या रात्री तिने दोनदा भात मागून घेतला.

पण शाळेचं काय होणार, हे मला माहीत नव्हतं. तिने महिनाभर पत्रकं वाचली होती, क्रमिक पुस्तक नाही. चिंचोके हलवले होते, पाटीवर आडवी-उभी गणितं मांडली नव्हती. शेवटच्या दिवसांत मी पुस्तक तिच्यापुढे सरकवलं. तिने दोन पानं वाचली आणि म्हणाली, "ह्यात कुणी कुणाला बोलवतच नाही." पुस्तक मी परत ठेवून दिलं.

जूनमध्ये शाळा उघडली त्या सकाळी मी तिला घेऊन गेले. डोक्यावर केस बोटभर आले होते, पण रुमाल तिने बांधलाच होता. मोठ्या बाईंच्या खोलीत मला दारापाशी उभं राहायला सांगितलं. बाईंनी दुसरीचं पुस्तक उघडून तिच्यापुढे ठेवलं.

तिने बोट टेकवलं, श्वास घेतला आणि वाचायला सुरुवात केली. धडा एका गाईचा होता. शांत, कुरणातली गाय. बहिणीने तो गॅलरीच्या कठड्यावरून वाचावा तसा वाचला. प्रत्येक ओळ अलग, आणि शेवटचा शब्द चढवून. शेजारच्या वर्गातली कुजबूज थांबली. शिपाई डोकावून गेला.

"हळू वाच, बाळ," बाई म्हणाल्या. "सभा नाही ही."

ती आवाज खाली आणून वाचत राहिली. दोनदा अडखळली, पण मागे जाऊन पुन्हा पुढे आली. बाईंनी पान उलटलं, आणखी थोडं वाचून घेतलं आणि पुस्तक मिटलं. गणित राहिलं होतं.

"समज, तुझ्याकडे दहा लाडू आहेत. त्यातले चार वाटले. किती उरले?"

बहिणीने भुवया आवळल्या. बाईंनी प्रश्न पुन्हा विचारला. मग ती म्हणाली, "लाडू कसले?"

"का गं?"

"कुरमुऱ्याचे असतील तर फोडता येतात. मग कितीही माणसं आली तरी चालतात. बुंदीचे असतील तर मोजूनच बोलवायला पाहिजेत."

बाईंनी चष्मा काढला. "आणि फोडलेच नाहीत तर?"

"तर सहा," बहीण म्हणाली. हे तर उघडच आहे, असा तिचा सूर होता.

बाई माझ्याकडे वळल्या. "हिला सुट्टीत कोणी शिकवलं? तू?"

मी उत्तर जुळवत होते, तोवर बहिणीनेच सांगून टाकलं. "कोणी नाही. सुट्टीत अभ्यासाला वेळच नव्हता. माझ्या मुलीचं लग्न होतं."

बाईंनी खाली पाहून काहीतरी लिहिलं. मला वाटतं, त्या हसू लपवत होत्या. मग त्यांनी शिपायाला हाक मारली आणि हिला दुसरीच्या वर्गात नेऊन बसव म्हणून सांगितलं.

मी मागोमाग गेले. वर्ग लांब होता, खिडक्या रस्त्याच्या बाजूला. तिसऱ्या बाकावर तिची मैत्रीण बसली होती आणि तिच्या शेजारी दुसरीच कोणी मुलगी. आम्हाला पाहून मैत्रिणीने त्या मुलीला कोपराने ढोसून पलीकडे सरकवलं आणि बाकावर हात आपटून म्हणाली, "या विहीणबाई."

बहीण दारातून दोन पावलं आत गेली आणि परत आली. मी अजून उंबऱ्यावर उभी होते. आजारात ती जशी माझ्याकडे पाहायची तसं आता पाहत नव्हती. तिला घाई होती. गेल्या हिवाळ्यात इस्पितळातही रोज संध्याकाळी तिला मला घरी पाठवायची अशीच घाई असायची. म्हणायची, दादर स्टेशनचे जिने आहेत, अंधार होईल. तेव्हा, त्या वर्गाच्या दारात, तिने डोक्याचा रुमाल सोडला, घडी केली आणि माझ्या हातात दिला.

"ताई," ती म्हणाली, "तू जा आता."